सोवळ्यातल्या पोळ्यांचा लॉट

आमच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे आमंत्रण दुपारचं आणि ताट संध्याकाळचं. अख्ख्या कॉलनीला हे ठाऊक आहे. मी बोलवायला गेले की शेजारणी हसत विचारायच्या, "भाभीजी, इस बार घर से खाकर आएँ क्या?" मीही हसायची, पण आतून असा संताप यायचा, काही विचारू नका! कारण मी शिकवते काय, तर उत्पादन व्यवस्थापन. इथे जबलपूरच्याच एका खाजगी कॉलेजात, बीबीएच्या पोरांना, हिंदीतून. काम कुठे अडतं, माल किती साठवायचा, मशीन कुठे मांडायचं, हे सगळं फळ्यावर आखून दाखवायचं आणि घरी येऊन उपाशी पाहुण्यांना जांभया देताना बघायचं. स्वतःचीच नुसती लाज वाटायची.

आम्ही मूळचे विदर्भातले, म्हणून गौरींना महालक्ष्म्या म्हणतो. दोघी बहिणी, पितळेचे मुखवटे. भाद्रपदात तीन दिवस येतात आणि मधल्या दिवशी त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य लागतो. शिवाय सोळा भाज्या, वडे, कढी, आंबील. सगळं सोवळ्यात, म्हणजे आंघोळ करून, वेगळं वाळवलेलं लुगडं नेसून, बाकी कोणालाही न शिवता रांधायचं. हे सगळ्यांकडेच असतं. पण आमच्या घरात वर आणखी एक नियम होता. महालक्ष्मीची पोळी एकाच हातची हवी. भाज्या मी चिराव्या, पुरण मी वाटावं, पण तव्यापाशी फक्त सासूबाई. त्यांच्या सासूने त्यांना असं सांगितलं होतं, आणि त्या सासूला कोणी सांगितलं ते विचारायची सोय नव्हती.

ज्या एका जागी सगळं काम तुंबतं आणि पुढचे सगळे हात बांधून बसतात, तिला आमच्या विषयात बॉटलनेक म्हणतात. तो शोधायचा कसा, हे समजावताना वर्गात माझा घसा सुकतो. घरी तो माझ्यासमोर लाटणं घेऊन उभा होता. पण सांगता का तुम्ही तरी आपल्या सासूला? मीही नाही सांगितलं.

मग दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे साफ गेले. नागपूरहून माझ्या दिराचा फोन आला. "आई, पुरे झालं आता. पुढच्या वर्षीपासून महालक्ष्म्या आमच्याकडे बसवू. इथं सोवळ्यात रांधणाऱ्या बाया मिळतात. बारा वाजता पंगत, दोन वाजता सगळं आवरलेलं." सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "या वर्षी तू ये अन् डोळ्यानं पाय. चारच्या आत पंगत बसली तं महालक्ष्म्या इथंच राहतील. नाही बसली तं मुखवटे घेऊन जा."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रागाच्या भरात शब्द देऊन बसल्या होत्या आणि आजवर चारच्या आत आमच्याकडे पापडसुद्धा तळून झाले नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू कॉलेजात काय ते शिकवून राहिली ना, ते जरा घरी बी आण."

अहो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या पदवीला घरात कोणी चहा विचारला होता.

मी कामाला लागले. पहिली गोष्ट, मांडणी. आमच्याकडे परात एका कोपऱ्यात, गॅस दुसऱ्यात आणि तूप देवघरात. एका पोळीमागे सासूबाई घरभर फिरायच्या. मी सगळं एका ओळीत आणलं. ओट्याशी त्यांच्यासाठी उंच स्टूल ठेवलं. दुसरी गोष्ट, साठा. दरवर्षी केळीची पानं दोन दिवस आधी आणायची आणि ती पिवळी पडायची. या वेळी बरगीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला सांगितलं, पानं त्याच दिवशी सकाळी पाठव. तिसरी गोष्ट, लॉट, म्हणजे एका खेपेचा माल. सासूबाई सगळ्या पोळ्या आधी करून ठेवायच्या आणि मगच बाकीचं हलायचं. मी म्हटलं, दोन लॉट करू. पहिला नैवेद्याचा आणि पहिल्या पंगतीचा. दुसऱ्या लॉटचं पुरण आणि कणीक आत झाकून ठेवू, लोक जेवायला बसले की गरम काढू. सासूबाईंनी मान डोलावली. तव्याबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

आणि मग बाबा, म्हणजे माझे सासरे. ते इथल्याच एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त झाल्यापासून घरातल्या पंख्यांना तेल घालण्यापलीकडे त्यांना काही काम नव्हतं. माझी योजना ऐकली आणि गडी असा खुलला की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या मधोमध खडूने जाड पिवळी रेघ! "इस पार सोवळं, उस पार ओवळं. लाइन क्रॉस नाही करायची. हमारे शॉप में ऐसाच होता था." रेघेला लागून मी एक चौरंग ठेवला. तयार पोळ्यांचा डबा त्याच्यावर ठेवायचा, म्हणजे वाढायला न्यायचं अंतर कमी. फार हुशारीचं वाटलं होतं मला तेव्हा.

तो दिवस असा सुरळीत उजाडला की मलाच भीती वाटली. बरगीची बस वेळेवर आली, पानं ओली हिरवीगार. इथल्या जवळच्या पाटण गावचं तूप कढून तयार. भाऊजी, म्हणजे माझे दीर, बाहेर सोफ्यावर घड्याळ बघत बसले होते, पंच म्हणून नेमल्यासारखे. धाकटी जाऊ मोबाईल बघत होती, कारण तिला सोवळ्यात घ्यायचं सासूबाईंच्या मनातही आलं नव्हतं. आत स्टुलावर बसून सासूबाई लाटत होत्या, भाजत होत्या, आणि पहिला लॉट कधी नव्हे तो बाराच्या सुमाराला डब्यात. मी डबा चौरंगावर ठेवला, वर पांढरं फडकं झाकलं आणि वडे तळायला वळले. सासूबाई चक्क गुणगुणत होत्या.

मागून मचमच असा आवाज आला. पोळी चावल्याचा.

वळून बघते तर काय! बाबा रेघेच्या पलीकडे अगदी शिस्तीत उभे. पाऊल रेघेला लागलेलं नाही. फक्त हात अलीकडे, फडकं बाजूला आणि तोंडात पोळी.

"बाबा! काय करून राहिले हो तुम्ही?"

"सॅम्पल," ते म्हणाले. "हर लॉट में से एक उठाना पड़ता है." मग दुसरा घास घेऊन मान हलवली. "बढिया माल आहे. पास!"

नैवेद्याचं आमच्याकडे कोणी चाखत नाही. मिठाचा खडासुद्धा जिभेला लावायचा नाही. पुरण शिजताना जोरात वास घेतला तरी सासूबाई डोळे वटारतात. आणि या भल्या माणसाने ओवळ्या हाताने डब्यात हात घालून देवाच्या आधी पोळी खाल्ली होती. नमुना उत्तम निघाला आणि अख्खा लॉट बाद झाला, असं जगातल्या कुठल्याच कारखान्यात झालं नसेल.

सासूबाईंनी गॅस बंद केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "गेल्या माझ्या महालक्ष्म्या."

तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडातला घास गिळताही येईना आणि थुंकताही येईना. गालात धरून तसेच उभे राहिले बिचारे. त्यांना बघून मला हसू येत होतं, पण सासूबाईंकडे बघून मी ते ओठातच दाबलं. दारात भाऊजी आले होते. "जाऊ दे ना, आई. कशाला जिवाला त्रास? नागपूरला..."

"भाऊजी, तुम्ही गप बसा!" मी एवढ्या जोरात म्हटलं की माझी मीच दचकले. मग तोंड सुटलंच होतं तर पुढेही बोलले. "आई, दुसऱ्या लॉटचं पुरण आहे. कणीक आहे. त्याला कोणी शिवलेलं नाही. पण एका तव्यावर, एका हाताने, चारच्या आत होणार नाही. तुम्हालाही माहीत आहे अन् मलाही."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मुखवट्यांकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"दुसरा तवा माळ्यावर आहे," त्या म्हणाल्या.

माझे हात वड्यांच्या पिठात. तेवढ्यात पलीकडून जाऊ म्हणाली, "मी आंघोळ करून येऊ का?" मोबाईल कधीच सोफ्यावर गेला होता. सासूबाई उठल्या आणि स्वतःच्या पेटीतलं रेशमी सोवळं काढून त्यांनी तिच्या पुढे टाकलं. ही बाई उंच, सोवळं जेमतेम पोटऱ्यांपर्यंत आलं. तशीच आली आणि तव्यापाशी उभी राहिली.

मग जे सुरू झालं, त्याला तोड नाही. सासूबाई स्टुलावर बसून उंडे भरत होत्या, मी लाटत होते, जाऊ दोन तव्यांवर भाजत होती. माझी पहिलीच पोळी तव्यावर फुटली. "बरगी धरणाचं पाणी सोडलं काय गं?" सासूबाई कडाडल्या. जाऊ एवढ्या मंद आचेवर भाजायची की माझ्याकडे लाटलेल्या पोळ्या साचायला लागल्या. "ए नागपूरवाली, आज करून राहिली का दिवाळीला?" मी भरभर लाटायला गेले तर पोळीचे कोपरे निघाले. शिव्या खात खात आम्ही तिघींनी कसाबसा ताल धरला. उंडा, लाट, भाज. उंडा, लाट, भाज. बाबांना रेघेपलीकडे हात मागे बांधून उभं केलं होतं, फक्त वेळ सांगायला. सारखे सांगत होते, शेवटी सासूबाईंनी तेही बंद करवलं. भाऊजींना मी पाट मांडायला आणि पानं पुसायला लावलं. सोवळ्यातल्या सूनबाईने दिराला कामाला लावल्याचं बघून शेजारची दीदी दारातच म्हणाली, "वाह भैया, आज तो आप भी लाइन पे लग गए!"

चारला अजून थोडा अवकाश होता तेव्हा नैवेद्य झाला. आरतीच्या वेळी सासूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. भाऊजींनी घड्याळ बघितलं आणि मोकळेपणाने हसले. "राहिल्या, आई. तुझ्या महालक्ष्म्या इथंच राहिल्या."

आम्हाला वाटलं, आता त्या खूश होतील. त्या तर पदर डोळ्याला लावून रडायलाच लागल्या. "मला वाटून राहिलं होतं, ह्या गेल्या तं या घरात माझं काय काम उरलं? सकाळपासून देवीजवळ हेच मागत होती. अन् आता बघते तं तव्यापाशी मी नसली तरी बी पोळ्या झाल्या." माझे हात पिठाचे, डोळे धुराचे, आणि खरं सांगते, मलाही रडू फुटलं.

चारच्या ठोक्याआधीच पंगत बसायला लागली तर एक पान रिकामं. एक सवाष्ण सराफा बाजारात रस्ता खोदलेला म्हणून कुठेतरी अडकली होती. पान मांडलेलं असताना रिकामं ठेवत नाहीत. मी सासूबाईंचा हात धरला. "आई, तुम्ही बसा."

"मी? अन् तव्यावर कोण?"

"आम्ही दोघी आहोत ना."

त्या बसेनात. मग जावेने मागून खुर्ची आणली, पुढे छोटं टेबल ठेवलं, त्यावर पान. शेजारणी म्हणाल्या, "बैठिए माताजी, आज आप हमारे साथ." तेव्हा कुठे अवघडून, कोणाची तरी जागा घेतल्यासारख्या टेकल्या. एरवी सगळ्यांचं उरकलं, ओटा धुतला, की त्या डब्याच्या तळाची गार पोळी घेऊन एकट्या बसायच्या.

मी तव्यावरची पोळी थेट त्यांच्या पानात टाकली. टम्म फुगलेली, वाफ निघत होती. वर तूप सोडलं. त्यांनी तुकडा मोडला, बोटं भाजली म्हणून फुंकर घातली आणि तोंडात ठेवला. बराच वेळ चावत राहिल्या. मी वाट बघत होते, मीठ कमी म्हणतील, वेलची जास्त म्हणतील.

"गरम असली म्हणजे अशी लागते होय?" त्या म्हणाल्या. मग मान वर न करता पान माझ्याकडे सरकवलं. "अजून एक आण."

मी तव्याकडे पळाले.