लाल रंग बदलतो तिथं

मेंढरं विकल्यापासून साळुबाई नारायणगावात निर्मलाताईंच्या घरी झाडलोट करायची. घर मोठं, माणूस एकटंच. ताईंचे यजमान हयात असताना इराणात नोकरीला होते. तिथून आणलेला गालिचा कित्येक वर्षं माळ्यावर गुंडाळून पडला होता. यंदा दिवाळीला ताईंनी तो काढून बैठकीत अंथरला.

साळुबाई झाडू घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. लालभडक रंगावर मेंढ्याची वळलेली शिंगं, फण्या, ठेंगणी जनावरं. कडेनं एकीमागं एक बायका विणलेल्या, प्रत्येकीच्या बोटाला लेकरू. मध्यावर तो लाल एकाएकी विटकरी झाला होता. तिथून पुढं बायका होत्या, लेकरं नव्हती.

तिनं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, शहरातल्या गालिच्यांवर बागा आणि वेलबुट्टी असते, हा मात्र शिराझकडच्या मेंढपाळ बायकांनी विणलाय, रोज डोळ्यांपुढं असतं तेच आठवून. बिऱ्हाड हललं की विणायचा मागही उचलायचा, लोकर दुसऱ्या पाण्यात रंगवायची, म्हणून रंग बदलतो. लेकरांचं मात्र ताईंच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

साळुबाई विटकरी भागाच्या कडेकडेनं झाडत गेली. तिची थोरली लेक, नुकती पावलं टाकायला लागलेली, मंचरच्या पुढं घोड नदीच्या अंगाला तापानं गेली होती. तिला हिवराच्या झाडाखाली पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मेंढरांमागं निघावं लागलं. पुढच्या साली येऊन पाहिलं तर हिवर तोडलेला, रान नांगरलेलं. जागा काही सापडली नाही.

त्या दिवसापासून विटकरी भागावर पाय पडला की तिच्या तळव्याला ढेकळं लागायची. मागं वाळे वाजायचे. वळून बघितलं तर रिकामी बैठक. घरी भाकरी थापताना हात आपसूक लेकरापुरती एक छोटी चानकी जास्त थापायचा. नवरा धर्माजी ती चानकी बघायचा आणि उठून बाहेर जायचा. शेवटी त्यानंच म्हटलं, काम सोडून दे.

"काम सोडून काय व्हतंय," ती म्हणाली. "मला तिकडं घेऊन चला."

नदीकाठी आता टोमॅटो होते. बांबूला झाडं बांधणाऱ्या एका बाईनं विचारलं, कुणाकडं आलात? धर्माजी म्हणाला, वाट चुकलो. साळुबाईनं त्याला बाजूला सारलं.

"माझी लेक हाय हितं कुठंतरी. पुरल्याली."

बाईच्या हातातली सुतळी तशीच राहिली. तिनं बांधाच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक गुळगुळीत दगड होता, शेजारी वाटी.

"रान नांगरलं तवापासनं आमच्या आत्याबाई रोज दूध ठेवायच्या तितं. का, ते कुणाला सांगितलं न्हाई. त्या गेल्यापासून मी ठेवते."

साळुबाई दगडापाशी बसली. तिनं हात लावला नाही, रडलीही नाही. ऊन बांधावरून उतरलं तेव्हा धर्माजीनं तिला हाताला धरून उठवलं.

"ठकू नाव तिचं," ती त्या बाईला म्हणाली. "दूध ठेवताना हाक मारत जा."

बाईनं ते नाव एकदा हळूच म्हणून पाहिलं आणि दोघांना चहाला घराकडं नेलं.