एकोणचाळीस फुटांची दोरी

मधू गेला त्या रविवारी सकाळी सात वाजता मी मुलुंडच्या आमच्या टेनिस कोर्टावर फक्कीची बादली घेऊन त्याची वाट बघत उभा होतो. आठ दिवस त्याला ताप होता, पण गुरुवारी भेटलो तेव्हा उशीला टेकून बसला होता, पेज प्याला होता. "रविवारी येतो रे सदा," म्हणाला, "दोरी घेऊनच येतो. तू फक्त वेळेवर ये." साडेसात झाले तेव्हा मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडल्या, कारण उशीर करण्याचा हक्क आमच्या दोघांत माझा होता. मग त्याचे शेजारी फाटकातून आत आले. पायांत चपला नव्हत्या... त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

तेराव्या दिवशी कुमुदवहिनींनी, म्हणजे मधूच्या बायकोनं, मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्या तोंडून फुटलं नाही. ते आज इथे, चारचौघांत लिहून द्यायचं आहे. उगाच कुणी समजू नये की मी मित्राचे गोडवे गायला बसलो आहे.

मधू रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि मी तिथेच कारकुनी करायचो. मुलुंडचं कोर्ट मातीचं, शेणानं सारवलेलं. दर रविवारी त्यावर फक्कीच्या रेषा नव्यानं माराव्या लागत. जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंत एकोणचाळीस फूट. त्यासाठी मधूनं एक दोरी केली होती. दवानं आखडू नये म्हणून तिला मेण चोळायचा आणि बरोबर एकोणचाळीस फुटांवर त्याची ती खास गाठ... दुहेरी, चपटी, शेपूट आत दडवलेली. मी दोरी ताणून गाठीपाशी खुंटी ठोकायची आणि त्यानं मागून फक्की सोडत यायचं, अशी आमची वाटणी होती.

छप्पन्न साली ऑस्ट्रेलियाच्या एका टेनिसपटूनं आपला देश, फ्रान्स आणि इंग्लंड अशी तीन विजेतेपदं ओळीनं घेतली होती. राहिली होती अमेरिका. एका वर्षात चारही जिंकता येतात का, यावर आम्ही पाऊसभर वाद घातला. मी म्हणायचो, अशक्य. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "तीन वर्षांमागे एका पोरीनं जिंकल्या होत्या की! तुम्हा पुरुषांचंच अडतं वाटतं." शेवटी बातमी आली. चौथ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो हरला, आणि हरला तोही आपल्याच दोस्ताकडून, दुहेरीतल्या जोडीदाराकडून.

"दोस्तानंच वाट लावली ना यार!" मी वर्तमानपत्र आपटत म्हणालो.

"वाट कसली? दोस्त होता म्हणून खरा खेळला," मधू म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे त्याच वाक्यानं मला पुष्कळ छळलं.

आमच्या उपनगरांतही चार कप होते. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली आणि शेवटचा आमचा मुलुंड. एका मोसमात चारही कुणी जिंकले नव्हते. त्या हिवाळ्यात मधूनं अंधेरी जिंकली. घाटकोपर जिंकलं. बोरिवलीला मुरमाच्या कोर्टावर गुडघा सोलून घेतला, पण कप आणला. पेठेतला वाणीसुद्धा विचारायला लागला, "साहेब, चौथा कधी?" मधू हसायचा, पण त्याची झोप उडाली होती, आणि त्याच्याहून जास्त माझी. मी साधा खेळाडू. पण चार कपांचा मानकरी ज्याचा मित्र, त्याच्याकडे लोक कसे बघतील, हे मी कचेरीत बसल्या बसल्या रंगवत होतो. खरं सांगायचं तर तो कप मला हवा होता.

अंतिम सामना घाटकोपरच्या डॉक्टरांशी होता. वय पंचेचाळीस, पण चेंडू जाळ्यापलीकडे असा आखूड टाकत की धावणाऱ्याची दमछाक व्हावी. मधूचा खेळ उलटा. तो लांब मारायचा, अगदी मागच्या रेषेवर, आणि हात आखडला की दोन बोटं बाहेर. उपांत्य सामन्यात त्याचे असे कितीतरी चेंडू बाहेर गेले. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मधू सामन्यांत गुंतलेला म्हणून मेण चोळायला दोरी माझ्या घरी होती. मी दार लावून घेतलं, त्याची गाठ सोडली आणि एक वीत पुढे नवी मारली. माझी साधी, जाडी गाठ. मेणानं हात चिकट झाले होते, ते कितीतरी वेळ धूत बसलो.

रविवारी मधूचं लक्षच नव्हतं. त्यानं खाली मान घालून, मी ठोकलेल्या खुंट्यांच्या मागे फक्की सोडली, दोन्ही बाजूंना. सामना सुरू झाला आणि त्याचे लांब चेंडू एकेक करत आत पडू लागले. डॉक्टर दोनदा मागे वळून रेषेकडे बघत राहिले. तिसऱ्या सेटमध्ये शेवटच्या गुणाला डॉक्टरांनी मधूच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला. मधू मागे धावला, त्याची पाठ तारेच्या कुंपणाला घासली, आणि तिथूनच त्यानं मारलं. पलीकडे रेषेवर फक्की उडाली. लोक ओरडत उठले.

मधू कुंपणाशीच उभा होता. रेषेपासून तारेपर्यंत त्याची सात पावलं होती, ती त्याच्या पायांना पाठ होती. त्यानं चालून पाहिलं, सातवं पाऊल पुरतं पडलं नाही. मग डॉक्टरांशी हात मिळवला, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दोरी दे."

मी दिली. त्याची बोटं दोरीवरून सरकत गेली आणि गाठीपाशी थांबली. त्यानं मान वर केली नाही. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो... एका शब्दाचं काम होतं. तो मी बोललो नाही.

त्यानं अध्यक्षांच्या घरून लोखंडी टेप मागवला आणि सगळ्यांसमोर मोजलं. नऊ इंच जास्त.

"दोघांना सारखंच होतं की," डॉक्टर म्हणाले. "राहू दे."

"सारखं नव्हतं, डॉक्टर. तुम्ही आखूड टाकता, मी लांब मारतो." मग तो अध्यक्षांकडे वळला. "फक्की मी मारली. चूक माझी."

पुढच्या रविवारी सामना पुन्हा झाला आणि मधू सरळ दोन सेटमध्ये हरला. तेवढ्यावर भागलं असतं, पण लोकांची तोंडं कोण धरणार? रेषा यानंच सरकवली, वर डॉक्टरांना संशय आला म्हणून साळसूदपणे मोजायला धावला, असं बोललं जाऊ लागलं. त्याचं नाव 'नऊ इंची मधू' पडलं. हळदीकुंकवाला गेलेल्या वहिनींच्या कानांवरही ते आलं. माझ्यासमोर कुणी ते नाव घेऊन हसलं की मी चष्मा पुसायचो. भित्रेपणाला याहून सभ्य नाव मला सापडत नाही.

एकदाच, वर्षभरानं, रेषा मारताना मी तोंड उघडलं. "मधू, त्या दिवशी..." तो चिडला की मालवणीवर जायचा. "गप रव," म्हणाला. "दोरी धर." मी धरली. त्यानंतर प्रत्येक रविवारी धरली. गाठीपाशी खुंटी आता तोच ठोकायचा, मी जाळ्याकडचं टोक धरायचो, नजर जमिनीवर. गाठीकडे बघायचा धीर मला कधी झाला नाही.

तेराव्याला पानं उठल्यावर वहिनी आतून ती दोरी घेऊन आल्या. दाराआडच्या खिळ्याला असायची. "भाऊजी, ही तुम्ही न्या," म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "ह्यांनी खरंच रेषा सरकवली होती का हो? मी कधी विचारलं नाही. ह्यांना वाईट वाटलं असतं." मी दोरी हातात घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. तिच्यावर दोन गाठी होत्या. एकोणचाळीस फुटांवर त्याची, चपटी, शेपूट दडवलेली. एक वीत पुढे माझी... जाडी, ओबडधोबड, मेणानं काळी पडलेली. त्यानं आपली गाठ पुन्हा मारली होती, पण माझी सोडली नव्हती. दर रविवारी ती त्याच्या हातांखालून जात होती, आणि दुसरं टोक तो मलाच धरायला देत होता.

मी दोरी घेऊन तसाच घरी आलो.

वहिनी, नाही. रेषा मधूनं सरकवली नव्हती. मी सरकवली. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ज्यांनी ज्यांनी त्याला ते नाव दिलं, त्यांनी ते आता माझ्या नावाला लावावं. मोसम सुरू आहे. काल रविवारी मी त्याच दोरीनं एकट्यानं रेषा मारल्या. एका टोकाला दगड बांधला आणि बोटांनी चाचपत त्याच्या गाठीपाशी थांबलो. संध्याकाळी दोरी तुमच्या दाराआडच्या खिळ्याला परत अडकवून गेलो, तुम्ही देवळात गेला होतात, शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं. पुढच्या रविवारी न्यायला येईन. हे वाचून दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.