रिस्टेनताईंची रुंद पट्ट्याची गाडी

उत्तर ध्रुवाजवळच्या कौतोकेनो गावात बर्फावरच्या गाड्या विकण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण गिऱ्हाइकाने मलाच शिकवलं असं एकदाच घडलं. ते गिऱ्हाईक म्हणजे आमच्या रिस्टेनताई. वय बासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि पदरी चारशे रेनडिअर.

मार्चमध्ये त्यांची जुनी स्नोमोबाइल कायमची बसली. एप्रिलमध्ये गाभण माद्यांना किनाऱ्याकडे, विण्याच्या जागी न्यायचं असतं, आणि नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं कळपाच्या पुढे ताईच असायच्या. यंदा त्यांचा भाचा आन्ते म्हणू लागला, की पुरे झालं आता. आत्याने सामानाच्या घसरगाड्यांबरोबर आखलेल्या वाटेने सावकाश यावं, कळप मी नेतो. त्यामुळे ताई गाडी कुठली घेतात याकडे सगळं गाव डोळे लावून होतं. आखलेल्या वाटेवर चालणारी सोयीची गाडी घेतली की त्यांची सद्दी संपली.

आन्तेच त्यांना दुकानात घेऊन आला. त्याने पसंत केली ती वाटेवरचीच, खाली चाकांऐवजी फिरणारा पट्टा आखूड असलेली, मऊ बैठकीची, हँडल गरम होणारी गाडी. मला त्याचा रागच आला. म्हणून मी मुद्दाम डोंगरातली गाडी पुढे केली. वजनाला हलकी, पट्टा लांब, पट्ट्याला चार बोटं उंच दात, छातीएवढ्या भुसभुशीत बर्फातूनही उसळून वर येणारी. आन्ते स्वतः तीच चालवायचा.

ताईंनी विचारलं, ही कमीत कमी किती वेगाने चालते? जास्तीत जास्त किती, हेच आजवर मला सगळ्यांनी विचारलं होतं.

मग त्यांनी दुकानामागच्या कोऱ्या बर्फात या दोन आणि आणखी एक अशा तीन गाड्या एकेक करून पायी चालण्याच्या वेगाने कुंपणापर्यंत नेल्या. उतरल्या आणि पायरीवर बसून कॉफीत सुक्या मांसाचे तुकडे बुडवून खात राहिल्या. चांगला तासभर. मला वाटलं, दमल्या. तासाने उठून त्या तिन्ही गाड्यांच्या मागावरून चालत गेल्या. डोंगरातल्या गाडीच्या मागात गुडघ्यापर्यंत रुतल्या. वाटेवरचीच्या मागात घोट्याच्या वर. तिसरी होती ओझ्याची धिप्पाड गाडी, रुंद पट्ट्याची, जी मी लाकूडवाल्यांना विकतो. तिच्या मागावर पाय टेकला तो वरच राहिला.

"ही दे," त्या म्हणाल्या.

"आत्या, लाकडं वाहायला निघालीस का?" आन्ते हसत म्हणाला.

मीही समजावलं, की ही अडकली तर तुमच्याने निघायची नाही.

"अडकू दे. गाडी कशी धावते ते माद्या बघत नाहीत रे. मागे काय राहतं तेवढंच बघतात."

एप्रिलमध्ये कळप निघाला, तेव्हा दरवर्षीप्रमाणे दुरुस्तीची पेटी घेऊन मी सोबत गेलो. आन्ते हट्टाने पुढे झाला. ताई नव्या रुंद पट्ट्याच्या गाडीवर कळपाच्या मागे राहिल्या. तिसऱ्या दिवशी ताजा बर्फ कमरेपर्यंत साचला. आन्तेची गाडी त्यावरून सुसाट गेली खरी, पण मागे नुसता भुगा. पुढची मादी दोन पावलांत पोटापर्यंत रुतली आणि थांबली. सगळा कळप थांबला. मग मागच्या काही माद्यांनी तोंडं फिरवली. कळप उलटा फिरला असता तर पिल्लं वाटेतच, उघड्या माळावर झाली असती, आणि त्यांतली किती जगली असती कोण जाणे.

तेव्हा ताई बाजूने पुढे आल्या. चालण्याच्या वेगाने पुढच्या टेकाडापर्यंत गेल्या, त्याच मागावरून परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. गाडी बंद करून बसून राहिल्या. मागे फिरलेल्या माद्यांना कळपाच्या राखणीच्या कुत्र्यांनी कसंबसं थोपवून धरलं होतं. आन्ते घाई करत होता. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं, कारण दाबलेला बर्फ घट्ट व्हायला वेळ लागतो. तासाभराने त्या गाडी सुरू करून निघाल्या. पुढच्या मादीने एक खूर टाकला, दुसरा टाकला आणि चालू लागली. तिच्यामागे एकेक करत चारशे जनावरं. मला ताईंचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

आन्तेने गाडी ताईंच्या शेजारी आणली आणि हेल्मेट काढलं.

"आत्या, मी कळपाच्या डावीकडून येऊ की उजवीकडून?"

"माझ्या मागून," ताई म्हणाल्या.