साडभाऊ आणि बेरातचा गड

आमच्या साडभाऊंना ज्या गोष्टीची काळजी वाटली नाही, अशी गोष्ट भंडारा जिल्ह्यात अजून जन्माला यायची आहे. आणि ती जन्माला येणार असं त्यांच्या कानावर गेलं, तर ते तिच्या बाळंतपणाचीही काळजी करतील. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार अड्याळ. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून झाली. तलावाची पाळ कुठे पाझरते, गेट कुठे अडकतं, पाणी कुठे वाया जातं, हे पाहत सायकलवरून आणि पुढे मोटारसायकलवरून फिरायचं. म्हणजे काळजी करणं हे त्यांचं सरकारी कामच होतं. निवृत्तीनंतर खात्यानं नवा माणूस नेमला, पण साडभाऊंनी चार्ज काही सोडला नाही. गाडीच्या दोन तास आधी ते भंडारा रोड स्टेशनवर पोहोचतात, आणि मग गाडी वेळेआधी तर निघून गेली नसेल ना, या विचारानं बाकावर बसू शकत नाहीत. घराला कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येतात. कुलूप ओढून पाहतात, आणि मग खिडकीतून आत डोकावून विचारतात, "आत कोणी राहिलं तं नाही ना जी?" आमच्याकडे तलावातली मासोळी केली की ते स्वतः जेवत नाहीत, समोर बसून जेवणाऱ्याच्या गळ्याकडे पाहत राहतात. माझ्या मोठ्या भावानं एकदा नुसता खोकला काढला तर हे भाताचा गोळा घेऊन उभे. "गिळा, गिळा, चावू नका!" भाऊ सर्दीनं खोकला होता. तरी त्याला तो गोळा गिळावा लागला.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी, सुजाता, नोकरीसाठी आल्बेनियाला गेली. बातमी ऐकल्या दिवशी साडभाऊ मोटारसायकल काढून भंडाऱ्याला माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, म्हणून जगाचा नकाशा माझ्याकडे असणार, हा त्यांचा हिशेब. नकाशात मी तो देश शोधून दिला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोटाखाली तो देश पूर्ण झाकला गेला. ते कितीतरी वेळ बोट उचलून पाहत होते आणि परत ठेवत होते. "दिसूनच नाही राहिला गुरुजी," ते म्हणाले. "एवढ्याशा जागेत पोरगी राहीन कशी?"

वर्षभरानंतर सुजातानं आईबापाला बोलावलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून सोबत मी निघालो. निघायच्या आदल्या दिवशी मोठ्या साळीबाईंनी, म्हणजे सुजाताच्या आईनं, मला पलंगापाशी बोलावलं. "गुरुजी, याईच्या तोंडून शब्द निंगत नाही. तुमी ध्यान ठेवा. पोरीले संगं घेऊनच या. लय झाली नोकरी. इकडे काय नोकऱ्या नाहीत?" साडभाऊ दाराआड उभे होते, त्यांनीही मान डोलावली. म्हणजे आमचं हे जाणं पाहुण्यासारखं नव्हतं. आम्ही एका माणसाला परत आणायला निघालो होतो, आणि त्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

आल्बेनियाच्या राजधानीत, तिरानामध्ये, सुजाताकडे पाच दिवस गेले. दोन खोल्यांचं नेटकं घर, गॅलरीत कोथिंबिरीची कुंडी, दारात सुजाताच्या ऑफिसच्या मैत्रिणींची ये-जा. रोज सकाळी साडभाऊ घसा खाकरायचे. सुजाता डबा भरता भरता वळून विचारायची, "काय बाबा?" आणि हे म्हणायचे, "काही नाही. गॅस बंद केला का?" सहाव्या दिवशी तिला सुट्टी मिळेना, तेव्हा तिनं आम्हा दोघांची नावं एका सहलीत घालून टाकली. "घरात बसून काय करता? बेरात पाहून या. डोंगरावरचं जुनं गाव आहे, गडावर लोक अजून राहतात. संगं गाइड असते. संध्याकाळी परत." साडभाऊंनी होकार दिला, पण बसमध्ये बसताच मला म्हणाले, "आज आलो की सांगतोच तिले. आज काही झालं तरी सांगतो." आणि ओठ घट्ट मिटून घेतले, जणू ते वाक्य संध्याकाळपर्यंत सांडू द्यायचं नव्हतं.

ते वाक्य पोटात असल्यामुळे त्या दिवशी त्यांची काळजी दुप्पट होती. बस छोटी, पंधरा-सोळा माणसांची. निघण्याआधी ते ड्रायव्हरजवळ गेले आणि त्यांच्या खात्यातल्या इंग्रजीत विचारलं, "ब्रेक ओके?" ड्रायव्हर गोड हसला आणि त्यानं मान आडवी हलवली. साडभाऊंचा चेहरा उतरला. "टायर ओके?" परत तेच हसू, परत आडवी मान. ते येऊन माझ्या शेजारी बसले आणि समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी पकडून म्हणाले, "ब्रेक नाही. टायर नाही. अन् हासून राहिला." खरं सांगायचं तर मीही घाबरलो. पुढचे दोन तास दोन्ही बाजूंनी ऑलिव्हची झाडं, लांबवर डोंगर, काय काय सुंदर गेलं असेल. आम्ही दोघांनी फक्त ड्रायव्हरचा उजवा पाय पाहिला. कॉफीसाठी बस थांबली तेव्हा मी धीर करून गाइडबाईंना विचारलं. मिरेला त्यांचं नाव. पन्नाशीच्या, पूर्वी शाळेत इतिहास शिकवलेल्या, हातात लाल छत्री. त्या पोट धरून हसल्या. इकडे जुनी माणसं मान आडवी हलवली की 'हो' म्हणतात, आणि वर-खाली केली की 'नाही'. साडभाऊंनी हे लक्षपूर्वक ऐकलं. मग बराच वेळ काही आठवत राहिले आणि मला म्हणाले, "गुरुजी, आता दिवसभर तुमी मान हालवू नका. तोंडानं बोला. मले आता कोणाच्याच मानेचा भरोसा नाही."

बेरात खालून दिसलं तेव्हा मात्र मी सगळं विसरलो. नदीच्या काठापासून डोंगरावर चढत गेलेली पांढरी घरं, आणि प्रत्येक घराला खिडक्याच खिडक्या, एकावर एक, जणू सारं गाव उंबऱ्यावर येऊन आपल्याकडे पाहत आहे. मिरेलाबाई म्हणाल्या, याला हजार खिडक्यांचं शहर म्हणतात. मी साडभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "पानी आलं तं एवढ्या खिडक्या बंद कोण करते?" वर गडाकडे जाणारी वाट दगडी, आणि शेकडो वर्षं पाय पडून पडून ते दगड काचेसारखे गुळगुळीत झालेले. साडभाऊ सगळ्यांच्या मागे चालू लागले. कोणी घसरलं तर झेलायला. दोन जर्मन बाया होत्या, दोघी यांच्यापेक्षा धडधाकट, डोंगर चढायचे बूट घातलेल्या. त्यांच्या मागे हे दोन्ही हात पसरून, कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तसे चालत होते. गडाच्या आत गल्ल्या, अंगणं, द्राक्षाचे मांडव, जुनी ख्रिस्ती देवळं. दारात बसून लेसचे रुमाल विकणाऱ्या आज्या. एका ठिकाणी जमिनीखाली दगडी कमानींचं मोठं जुनं टाकं होतं, त्यात अजून पाणी. तिथे साडभाऊ कठड्यावर हात ठेवून थांबले. साऱ्या सहलीत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "पाझर नाही," ते हळूच म्हणाले. "कोणी बांधलं असन जी? चांगला माणूस होता."

मग मिरेलाबाईंनी पाऊण तास मोकळा दिला. तीन वाजता गडाच्या दरवाज्याशी जमायचं. मी एका देवळातली चित्रं पाहायला गेलो. तीन वाजले. सगळे आले. साडभाऊ नाहीत.

जो माणूस गाडीच्या दोन तास आधी पोहोचतो तो पाच मिनिटं उशीर करतो, म्हणजे काहीतरी झालंच आहे, असं माझ्या मनानं ताबडतोब ठरवलं. फोन लावला, बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी तो बंद ठेवलेला. मी परत टाक्यावर धावलो. कठडा, अंधार, हिरवं पाणी. दोनदा हाक मारली, माझीच हाक परत आली. तिथून तटाकडे गेलो. त्या तटाला कित्येक जागी कठडाच नाही. एक पाऊल पुढे, आणि खाली थेट नदी. मी पोटावर आडवा होऊन खाली पाहिलं. मास्तरकी करताना सहलीतली पोरं हरवली, सापडली, पण असं कधी झालं नव्हतं. सुजाताला काय सांगू? गुडघ्याला पट्टी बांधून पलंगावर बसलेल्या साळीबाईंना काय सांगू? आणायला पाठवलं होतं एकाला, आणि जे सोबत दिलं होतं तेच हरवून बसलो. मिरेलाबाईही घाबरल्या होत्या, पण तसं दाखवत नव्हत्या. दारोदार विचारत माझ्यामागून येत होत्या. साडेतीन झाले.

तेवढ्यात एका चढत्या गल्लीत माझे बूट ओले झाले. वरून दगडांवरून पाण्याची बारीक धार येत होती. ऊन लख्ख, पावसाचं नाव नाही, आणि पाणी वाया जाऊन राहिलं आहे! मी थांबलोच. म्हटलं, माणूस जिवंत असला तर या धारेच्या वरच्या टोकाला असणार.

धार एका उघड्या दारातून येत होती. आत अंगण, वर द्राक्षाचा मांडव, भिंतीला लावलेली पाण्याची टाकी. एका डगमगत्या स्टुलावर आमचे साडभाऊ बाह्या सारून उभे, कोपरापर्यंत हात टाकीत. खाली काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी दोन्ही हातांनी त्यांचे गुडघे धरून उभी.

"भाऊजी!" मी ओरडलो. माझा आवाज फाटला होता.

"आले का गुरुजी? बरं झालं," ते म्हणाले. "बॉलकॉक तुटला याईचा, टाकी भरली तरी पानी थांबत नाही. हात काढला का पानी वाहून राहिलं. मेन कॉक कुठं आहे ते याईले विचारता येऊन नाही राहिलं मले. तासभर झाला धरून उभा आहो."

मला रडू येत होतं की राग, ते अजून सांगता येत नाही. मिरेलाबाईंनी विचारलं, म्हातारीलाही माहीत नव्हतं. टाकी मुलानं बसवली, तो इटलीत असतो. शेवटी वेलाच्या कुंडीमागे कॉक सापडला, पाणी बंद झालं, आणि साडभाऊंचा हात बाहेर आला तो पांढराफटक, बोटं सुरकुतलेली. म्हातारीनं तो हात आपल्या पदरासारख्या रुमालात गुंडाळून चोळला. मग आम्हाला हलूच देईना. बसमधली माणसं थांबलेली असतानाही चौघं बसलो. कॉफी आली, पाकात मुरवलेले अख्खे अक्रोड आले. भिंतीवर मुलाचा फोटो होता. साडभाऊ त्याच्याकडे पाहत होते.

"याईले विचारा," ते मला म्हणाले, "पोराले वापस कायले नाही बोलावत?"

मी बाईंना इंग्रजीत विचारलं, बाईंनी म्हातारीला. म्हातारी बराच वेळ बोलली. बोलावलं होतं, ती म्हणाली. एकदा रडून बोलावलं, तो आला. एक हिवाळा राहिला. छत नीट केलं, ही टाकी बसवली, मला काही कमी पडू दिलं नाही. पण संध्याकाळी त्या पायरीवर बसून रस्त्याकडे पाहायचा. लहानपणापासून गुणगुणायची सवय त्याला. साऱ्या हिवाळ्यात एकदाही गुणगुणला नाही. शेवटी मीच म्हटलं, जा. बॅग भरायला बसला, आणि भरता भरता गुणगुणायला लागला. त्याचं त्याला कळलंही नाही. मी आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होते.

मी हे मराठीत सांगत गेलो तसे साडभाऊ खाली पाहत गेले. अक्रोड तसाच चमच्यात राहिला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता काळजी नाही वाटत याईले?"

म्हातारी हसली आणि म्हणाली, ती तर वाटतेच. ती मी माझ्याजवळ ठेवली आहे, त्याच्या बॅगेत भरली नाही.

बसपाशी पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. साडभाऊंनी प्रत्येक माणसापुढे जाऊन हात जोडले; जर्मन बायांपुढे दोनदा. मग खिडकीशी बसले. ड्रायव्हरच्या पायाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पूर्ण रस्ताभर त्यांच्या बाहीचं टोक चिमटीत धरून होतो.

घरी पोहोचलो तर दारातच फोडणीचा वास. सुजाता ऑफिसातून येऊन वरण करत होती, पाठमोरी. ती गुणगुणत होती; गाणं असं काही नव्हतं, नुसतं तोंडातल्या तोंडात. साडभाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी मागे होतो. दिवसभर सांभाळलेलं ते वाक्य आता येणार होतं. त्यांनी घसा खाकरला.

"काय बाबा?" ती वळून म्हणाली.

"काही नाही," ते म्हणाले. "तांदूळ इकडे चांगला भेटते का?"

"भेटते बाबा. आपल्यासारखा नाही."

"पाठवत जाईन," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. आत नळ कितीतरी वेळ चालू होता, आणि तो बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

साळीबाईंना फोन त्यांनीच केला, गॅलरीत उभं राहून. काय बोलले ते मी ऐकलं नाही. आत आले तेव्हा डोळे लाल होते. "थे आयकन," साळीबाईंबद्दल एवढंच म्हणाले. "दोन-चार दिवस लागन."

चौथ्या दिवशी विमानतळावर सुजाता आम्हाला सोडायला आली. मी वाट पाहत होतो, आता सूचना सुरू होतील; रस्ता ओलांडणं, दाराची कडी, गरम पाण्याची मशीन. साडभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, म्हणाले, "येतो माय," आणि वळले. काचेपलीकडे ती हात हलवत होती, लहान लहान होत गेली. आत खुर्च्यांवर बसल्यावर त्यांनी पासपोर्ट चाचपला नाही, वेळ विचारली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून समोर पाहत राहिले.

"गुरुजी," काही वेळानं ते म्हणाले, "तिले काहीतरी सांगायचं राहून गेलं वाटते."

"काय?"

त्यांनी खूप आठवून पाहिलं.

"तेच तं आठवून नाही राहिलं," ते म्हणाले.