पानांतला कोंडा

कर्जतच्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायचो, तेव्हा पोशीरचा एक शेतकरी वेदान्तसूत्रांवरचं मराठी भाष्य घरी न्यायचा. पुस्तक परत यायचं ते पानांत भाताचा कोंडा घेऊनच. मी कुरकुरायचो. "बायको तांदूळ पाखडते नि मी वाचतो," एवढंच तो सांगायचा. भाष्यात आधी शंका येते, मग तिचं उत्तर. शंकेपाशी पुस्तक मिटायचं, बायकोनं आपली शंका काढायची, मगच उत्तर वाचायचं, अशी त्यांची रीत होती.

बायको गेल्यावर तो वाचनालयातच बसू लागला. शंकेपाशी थांबायचा, पुस्तक मिटायचा आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचा. उत्तरापर्यंत काही जायचा नाही.

एकदा न राहवून मीच विचारलं, "जग मिथ्या असेल, तर दुःख खरं का वाटतं?"

त्यानं चष्मा काढून धोतरानं पुसला.

"हेच इचारायची ती. तेवा मी उत्तर वाचून तिला गप करायचो." त्यानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "आता उत्तर पटत नाय. तिचीच शंका खरी वाटते."

कपाटात ठेवताना मी सवयीनं पुस्तक झटकलं. काहीच पडलं नाही.