बिऱ्हाड हलवणारे आमचे व्याही

उद्या ही पृथ्वी बंद पडली आणि पुन्हा चालू करायची वेळ आली, तर आमच्या व्याह्यांनाच बोलवावं लागेल. ते येतील, दारात चपला काढतील आणि आधी विचारतील, "बंद पडताना शेवटची ओळ काय दिसली?" ओळ न वाचणाऱ्या माणसाशी ते धड बोलत नाहीत. आणि मी वाचत नाही! बोर्ली पंचतनला जन्मभर मराठी शिकवलं, पोरांची गिचमिड अक्षरं लावली. पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या की मी सरळ चहा ठेवायला आत जाते.

व्याही रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त होऊन गावी आले आणि आसपासचे मोडके संगणक गोळा करून त्यांत विंडोजऐवजी ते फुकट मिळणारं लिनक्स घालत बसले. त्यांचं सगळं गरजेपुरतं. चार दिवसांच्या लग्नाला हा माणूस एक पिशवी घेऊन येतो. तीत एक शर्ट, एक पंचा आणि टेस्टर. स्वतःच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या लग्नातसुद्धा तोच शर्ट रोज धुऊन घातला. नवं घर बांधलं तेव्हा जुन्या घरातून पहिल्या दिवशी हलवलं काय, तर स्टोव्ह, भांडं, चटई आणि काडेपेटी. "आधी तिथं चहा होऊ दे, मग बाकीचं आणू." आम्ही कौतुकाने गेलो, तर कपबश्या जुन्या घरात! पाहुण्यांनी आळीपाळीने भांड्यातूनच चहा घेतला.

संगणकही असाच उठतो म्हणे. आधी मेमरीत एक छोटी, तात्पुरती व्यवस्था उतरते. तिने खरी डिस्क शोधायची, जोडायची, सगळा कारभार तिच्यावर हलवायचा आणि आपण मागून पुसून जायचं. हे व्याही इतक्या प्रेमाने सांगतात की वाटावं, त्या व्यवस्थेला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय.

आता माझं दुखणं सांगते. बारा वर्षं मी आमच्याकडचे शब्द जमवत होते. कोळणींचे, सुपारीच्या बागांतले, लावणीला वाकलेल्या बायकांचे; प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि शब्द जिने दिला तिचं नाव. सगळ्यांत जास्त शब्द विहीणबाईंचे, म्हणजे व्याह्यांच्या बायकोचे. त्या गेल्या वर्षी गेल्या. हा सगळा कोश व्याह्यांनीच लिनक्स घालून दिलेल्या एका संगणकात, आणि दुसरी प्रत काढायचा आळस माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

खाऱ्या हवेने त्या संगणकाची आतली मुख्य पाटी, मदरबोर्ड, गंजली. व्याह्यांनी आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाच्या खोक्यात बसवली, कळ दाबली, तर पडद्यावर उत्तर आलं की डिस्क सापडत नाही. मी घाबरून सगळं खोकं श्रीवर्धनला एका दुकानात नेलं. तिथला म्हणाला, डिस्क गेली, फॉरमॅट मारून बघू, चालली तर चालली. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, एवढं मला कळतं. मी व्याह्यांना फोन लावला.

"खोकं उचला नि घरी या," ते म्हणाले. "डिस्क हाय. त्या बिचाऱ्या खोक्याला दिसत न्हाय, एवढंच. कुणाला हात लावू द्यायचा न्हाय, बाई. त्यात तिचे शब्द हायत."

तीन दिवस ते माझ्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले. पडद्यावरची एकेक ओळ पेन्सिलीने वहीत उतरवायची, चष्मा पुसायचा, पुन्हा कळ दाबायची. माझा जीव टांगणीला आणि हे शुद्धलेखन लिहितायत! दुसऱ्या दिवशी माझा पारा चढला. "व्याही, बारा वर्षांची मेहनत बुडाली माझी, आणि तुम्ही ओळी काय उतरवताय?"

"मग मोठ्यानं वाचू?"

आता ह्या माणसाला काय म्हणावं!

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स चालू केलं. त्याला डिस्क लख्ख दिसली. मी टाळ्या वाजवल्या. व्याह्यांनी मात्र कपाळावर हात मारला. "चूक माझी, बाई." जुन्या खोक्याची ती छोटी व्यवस्था त्यांनीच छाटून ठेवली होती, फुकटचं ओझं नको म्हणून तेवढ्या एका खोक्याची डिस्क ओळखण्यापुरतंच सामान तिच्यात ठेवलं होतं. डिस्कबरोबर नव्या खोक्यात आली आणि ती आंधळी झाली. मी म्हटलं, "म्हणजे तीही एकाच शर्टावर लग्नाला आली की!" व्याही पहिल्यांदा हसले.

आधी कोशाच्या दोन प्रती काढल्या. मग ते पेनड्राइव्हवरूनच माझ्या डिस्कवर शिरले आणि ती छोटी व्यवस्था नव्याने बांधली, या खेपेला हात सैल सोडून. कळ दाबताना ते उभे राहिले. मी आत गेले नाही. ओळी धावल्या, डिस्क सापडली, कारभार हलला आणि माझा नेहमीचा पडदा समोर आला. मी रडले. लपवलं नाही.

"तिचे काढा," व्याही म्हणाले.

विहीणबाईंचे शब्द त्यांनी बोट ठेवून एकेक वाचले. एका शब्दावर बोट थांबलं: कवळसाण. पुढे विहीणबाईंचं नाव होतं, अर्थाची जागा कोरी. उद्या नीट सांगते म्हणाल्या होत्या, आणि राहूनच गेलं. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक असेल ना?"

"रोज ऐकायचो. 'चला, कवळसाण झाली,' म्हणून ती हात पुसत उठायची, मीपण उठायचो." त्यांनी बोट त्या कोऱ्या जागेवर नेलं. "अर्थ इचारायचं कधी सुचलंच न्हाय."

मी म्हटलं, अंदाजाने लिहू का? तर म्हणाले, "न्हाय. जागा सोडा. मी शोधून आणतो."

तेव्हापासून व्याही गावं पालथी घालतायत. विहीणबाईंचं माहेर झालं, आजोळ झालं, आगरदांड्यापलीकडच्या मावशीचं गावही झालं. म्हाताऱ्या बायकांपुढे बसतात, शब्द सांगतात, त्या मान हलवतात. परवा आले, पाणी प्यायले आणि वही उघडून विचारलं, "आता कुठलं गाव ऱ्हायलं, बाई?" मी एक नाव सांगितलं. हा शब्द कुठल्याच गावचा नसावा, त्या दोघांच्या घरातच जन्मलेला असावा, असं मला कधीपासून वाटतंय. पण ते त्यांना सांगायचा मला धीर होत नाही.