होडीच्या पोटावर हात ठेवणारे काका

“पोट दाखव आधी.”

आखातातल्या शुऐबाच्या आमच्या कारखान्यात बाहेरची होडी आली, की काकांचं पहिलं वाक्य हेच. होडीवाल्याशी नव्हे, होडीशी. ती क्रेनला टांगली की काका खाली वाकत, डोळे मिटत आणि उजवा तळवा तिच्या तळावरून सावकाश फिरवत, गाभण म्हशीच्या पोटावरून फिरवावा तसा. बघणाऱ्याला हसू यायचं. मलाही यायचं. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी तिथे नवा इंजिनिअर होतो.

यंत्रं थंड ठेवायला आम्ही समुद्राचं पाणी वाळूतून झिरपवून एका बंदिस्त कुंडात घेत असू. आसपासच्या बंदरांत त्या काळात जहाजांना चिकटून शिंपल्यांची एक परकी, काळी जात आली होती. ती कुंडात शिरली, तर पंपांच्या जाळ्या गच्च होऊन कारखानाच बंद पडणार. म्हणून पंपांच्या दुरुस्तीसाठी कुंडात उतरणारी प्रत्येक होडी खरवडायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि आठवडाभर उन्हात वाळवायची. शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला पॉलिशपेपरसारखी खरखरतात. तो हात काकांचा होता.

काका मालवणकडचे, होड्या बांधणारे सुतार. कॉन्ट्रॅक्टवर आलेले, फिंतासला एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहत. इजिप्शियन होडीवाला असो की बंगाली, ते सगळ्यांशी मालवणीतच बोलत आणि सगळ्यांना ते कळे. निदान “नाय” तरी कळेच.

एका शुक्रवारी त्यांना आम्ही मंगफच्या घरी जेवायला बोलावलं. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने आमच्या टेबलाच्या खालच्या बाजूने फिरला आणि एका जागी थांबला. आमच्या सात वर्षांच्या लेकीने तिथे च्युइंगगमचा चांगला साठा करून ठेवला होता. “आय डोन्ट नो एनीथिंग,” ती म्हणाली. काकांनी मागवलेल्या सुरीने तिलाच ते खरवडायला लावलं आणि पुन्हा हात फिरवून पास केलं. बायकोने त्यांना जास्तीची सोलकढी वाढली.

अशा माणसाची थट्टा करणं सोपं असतं. मी ती मनापासून केली, आणि एकदा थट्टेच्या पुढेही गेलो.

पंपाजवळचं एक मापयंत्र बिघडलं होतं. आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, सारखे फोन करत होते. ठेकेदाराची होडी दुसऱ्या बंदरातून आली ती ओलीच. काका म्हणाले, आठ दिवस. मी म्हटलं, आज. ते वादात पडले नाहीत, नुसते होडीसमोर उभे राहिले. दुपारी ते जेवायला गेले तेव्हा मी सही करून होडी उतरवली. संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं. मुदीरांनी माझी पाठ थोपटली. काकांनी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहितात, हे मी विचारलंही नाही.

तीन महिन्यांनी जाळीच्या एका कोपऱ्यात काळे ठिपके दिसले. काकांनीच ते पाहिले. मुदीरांना कुणी सांगायच्या आत ते संध्याकाळी माझ्या दारात आले. मी आत बोलावलं, तर चपला काढल्या पण बसले नाहीत.

“मियां त्या दिवशीच लिवलंय, सायब. परवा तीन म्हयन्यांची वही वर मुदीरांकडे जातली,” ते म्हणाले. “त्येच्या आधी तुमी जावन सांगा.”

मी विचारलं, वहीतलं ते पान फाडलं तर चालणार नाही का. त्यांना राग आला नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या च्युइंगगमकडे पाहिलं होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन सांगितलं. नोकरी राहिली, बढती गेली, आणि मुदीर वर्षभर माझ्याशी मोजकंच बोलले. पंप एकेक करून बंद करावे लागले. दोन आठवडे आम्ही जाळ्या खरवडत होतो. पहिल्या दिवशी मी हातमोजे घालून पोहोचलो, तर काका आधीच तिथे बसलेले. त्यांनी जवळची दुसरी पटाशी माझ्याकडे सरकवली. दुपारपर्यंत ते मला नीट खरवडायला शिकवत होते आणि माझ्या हाताला हसत होते. तो हक्क त्यांनी कमावला होता. शिंपले वेळेत निघाले, कुंड वाचलं.

दोन हजार चारच्या सुमारास त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. शेवटच्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली: इतक्या वर्षांत ते एकाही होडीत बसले नव्हते. मी कारण विचारलं.

“पोटात ढवळता,” ते म्हणाले. “आमचा काम बांधूचा. बसूचा नाय.”

हे होडीवाल्यांच्या कानावर गेलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकांना दोन्ही बाजूंनी धरून, ज्या होडीचं पोट काकांनी सर्वांत जास्त वेळा तपासलं होतं, तिच्यात बसवलं. काका मालवणीत शिव्या देत होते. त्याही सगळ्यांना कळल्या. इंजिन सुरू झालं, होडी धक्क्यापासून सुटली. कुंडाच्या मध्यावर वळताना ते हसतायत, हे मला काठावरून दिसलं. मी हात हलवला. त्यांच्या दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली होती, म्हणून त्यांनी मानेनेच माझा निरोप घेतला.